जोडीचे नाव विमान

पौषातला शनिवार, आमच्या गावच्या शंकरपटाचा दुसरा दिवस. प्रवेश फी एकवीस रुपये, रोख. टेबलाशी हजर चौघे: पट समितीचे अध्यक्ष, म्हणजे गोंदियाचे एक राईस मिलवाले शेठजी, माईकवर बोलणारे रामाजी, माझे बाबा, आणि मी, बारावी सायन्सला असलेली त्यांची एकुलती एक मुलगी. माझ्या दोन्ही हातांवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एक लांबट वस्तू होती आणि तिच्याकडे आपण पाहत नाही आहोत असे सगळेच दाखवत होते. शेठजींनी पावतीपुस्तक उघडले आणि विचारले, "जोड़ी का नाम?" बाबांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "विमान." शेठजींनी पेन खाली ठेवले. "बेटा, पट पे बैल की जोड़ी दौड़ती है. और तुम्हारे बाबूजी की जोड़ी तो कल ही हार गई." हे खरे होते. आमचे बैल पहिल्या दिवशी पहिल्याच फेरीत हरले होते आणि हरलेली जोडी त्याच पटात पुन्हा पळवता येत नाही. "बैल नुसते ओढतीन," मी म्हटले. "जोडी हे आहे. एक पुढचा पंख, एक मागचा पंख. दोन्ही टोकाले बांधले आहेत." आणि मी लुगडे सोडले.

ज्यांनी शंकरपट पाहिला नाही त्यांना सांगते. धान निघाले की रिकाम्या बांध्यांवर, म्हणजे धानाच्या खाचरांवर, शेजारी शेजारी दोन लांब पट्ट्या सपाट करतात. प्रत्येक पट्टीवर हलक्या छकड्याला जुंपलेली एक बैलजोडी सुटते आणि सेकंदांचा हिशेब लागतो. दोन दिवस गावात पाहुण्यांची एवढी गर्दी असते की घरातली भांडी कमी पडतात. आमच्याकडे त्या दिवसांत लाखोरीच्या डाळीचे वडे, वांगे-पोपटाच्या शेंगांची भाजी आणि नव्या तांदळाचा भात असा बेत ठरलेला. चूल विझत नसे. माय एका हाताने वडा थापायची आणि दुसऱ्या हाताने कुणाला तरी पाणी द्यायची. बाहेर बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, लाऊडस्पीकरवर रामाजींचा आवाज, आणि लांबून दरेकशाचा चढ चढणाऱ्या मालगाडीचा दमलेला आवाज, हे तीन आवाज एकत्र आले की माझ्यासाठी तो पट. आता मी गोंदियाला राहते, घराचा महिन्याचा खर्च पैशापर्यंत जुळवते, आणि सकाळी भाजी निवडताना डोक्यावरून शिकाऊ वैमानिकांची छोटी विमाने घिरट्या घालतात. त्यातल्या एकाचेही पंख जोडलेले नसतात. मी पाहून घेते.

त्या विमानाची सुरुवात गुळाच्या पुडीपासून झाली. सालेकशाच्या बाजारातून आलेला गूळ एका इंग्रजी मासिकाच्या पानात बांधलेला होता. मजकूर गुळाने खाल्ला होता, चित्र मात्र शाबूत होते. त्यातल्या विमानाला पंख चार आणि टोके दोनच होती. पुढचे दोन पंख खालून निघून मागे झुकलेले, मागचे दोन शेपटीच्या वरून निघून पुढे आलेले, आणि दोन्ही बाजूंना टोकाशी ते एका उभ्या पट्टीने जोडलेले. वरून पाहिले तर बंद चौकट. मी त्याआधी बांबूच्या कामट्यांचे आणि पतंगी कागदाचे एक साधे विमान केले होते, चार फूट पंखांचे. त्याचे पंख टोकाला लवायचे, जोरात फेकले की थरथरायचे, आणि जाड कामटी घातली की विमान जड व्हायचे. जड झाले की आणखी मोठा पंख, मोठ्या पंखाला आणखी जाड कामटी. हा हिशेब कुठेच थांबत नव्हता. ते चित्र पाहिले आणि मला आमची बाज दिसली. बाजेचा एकटा दांडा हातात धरला तर लवतो, चार दांडे एकमेकांत अडकले की त्यावर तिघे बसतात. पंखांनी एकमेकांना धरले तर दोघांनाही बारीक कामटी पुरेल. मी गावातल्या किराणा दुकानाच्या तराजूवर दोन्ही विमाने तोलली. जुने तीनशे दहा ग्रॅम भरले, नवे दोनशे साठ, आणि नव्याला कागद जास्त लागला होता. दुकानदार म्हणाला, "बेटी, यहाँ शक्कर तौलते हैं." मी म्हटले, "त साखर बाजूले सरकवा."

पन्नास ग्रॅम वाचले याचा मला जो आनंद झाला तो मी आजही कुणाला नीट समजावू शकलेले नाही. माझ्या नवऱ्याला एकदा सांगून पाहिले. ते म्हणाले, "पन्नास ग्रॅममध्ये काय येतं?" मी तो विषय तिथेच सोडला.

चूक एकच झाली आणि ती रंगाची होती. संक्रांत नुकतीच झाली होती. पतंगी कागद लाल, हिरवा, पिवळा सगळा संपलेला, दुकानात फक्त पांढरा उरला होता. मी पांढरा आणला, भाताची खळ करून कामट्यांवर चिकटवला आणि विमान वाळायला अंगणात दोन पाटांवर ठेवले. आता हे डोळ्यांपुढे आणून पाहा: दोन लांब बांबू, मध्ये आडव्या कामट्या, टोके बांधलेली, वर पांढरे. त्यातच आमचे आबा, बाबांचे वडील, आठवडाभर खोकल्याने आतल्या बाजेवर पडून होते. शेजारच्या देवकामाय विरजण मागायला दारापर्यंत आल्या, अंगणात पाहिले, आणि विरजण न मागताच वळल्या.

माय पीठ मळत होती. पहिले आले ते किसनभाऊ. खांद्यावर दुपट्टा, काखेत दोन लाकडे. आमच्याकडे कुणी गेले की घरटी लाकूड आणतात. दबक्या आवाजात त्यांनी मायला विचारले, "वहिनी, कवा गेले?"

"कोन?"

"आबा."

आतून आबांचाच आवाज आला. "कोन गेला गा किसन?"

किसनभाऊ गोंधळून दारातूनच म्हणाले, "तुमीच, आबा."

आबा बाजेवर उठून बसले. खोकल्याची एक उबळ आली, ती संपेपर्यंत थांबले, आणि म्हणाले, "मंग मले सांगाचं नाई काय?"

तोपर्यंत अंगणात आणखी माणसे आली होती, काही लाकडे घेऊन, काही नुसतीच. सगळ्यांनी आबांना जिवंत पाहिले आणि मग सगळ्यांची नजर पाटांवर गेली. "मंग हे तिरडी कोनाची?" कुणीतरी विचारले.

"तिरडी नाई," मी म्हटले. "विमान आहे."

यावर आमचा किराणा दुकानदार, मूळचा गोंदियाकडचा हिंदी बोलणारा माणूस, मागून म्हणाला, "एक ही बात हुई ना! हमारे यहाँ बुज़ुर्ग की अर्थी को विमान ही बोलते हैं." अंगण हसले. आबाही हसले, आणि मला म्हणाले, "मापाचं केलं का नाई? मी लांब आहो." हसली नाही ती माय. पिठाचे हात तसेच धरून ती उभी होती. तिच्या सासऱ्याच्या नावाने लाकडे आली होती, आणि अशी आणलेली लाकडे कुणी परत घरी नेत नाही. लोक गेले, लाकडे राहिली. चुलीत घालायचीही सोय नव्हती. (ती शेवटी शिमग्याला होळीत गेली.)

त्या दुपारी माय जे बोलली ते शब्दशः आठवते. "पट झाला का हे याच लाकडाइवर जाळीन. गावात तुले तिरडीवाली म्हनाले लागले आहेत. असं नाव एकदा लागलं का सासरपर्यंत मागं येते."

"माय, ते उडते," मी म्हटले. खरे म्हणजे ते अजून उडाले नव्हते.

बाबा बैलांना पेंड घालत होते. तिथूनच म्हणाले, "पट होऊ दे. उडलं त विमान, नाई उडलं त तिरडी."

"एकटीनं वावरात उडवून येशीन अना सांगशीन उडलं म्हनून, ते मले चालनार नाई," माय म्हणाली. "जे जे लाकडं घेऊन आले, त्याइच्या डोळ्यादेखत उडलं पायजे." त्या दिवसापासून विमानाला घरात घ्यायला तिने मनाई केली. ते गोठ्यात, बैलांच्या डोक्यावरच्या आढ्याला टांगले गेले. मला त्याचे वाईट वाटले नाही. गोठा कोरडा होता आणि उंदीर कमी होते.

वाईट वाटले ते पुढच्या सकाळी. कापणी झालेल्या बांधीत जाऊन मी ते हाताने सोडून पाहिले. विमानाने नाक वर केले, आणखी वर केले, जागेवर थबकले, आणि शेपटीवर मागे घसरत आले. दुसऱ्यांदा तसेच. तिसऱ्यांदा मागचा पंख फाटला. मी धुऱ्यावर, बांधीच्या कडेला, बसून पुन्हा सगळे मोजले. दोन्ही पंख सारख्या मापाचे होते. विमानाचा तोल मी दोघांच्या अगदी मधोमध ठेवला होता, दोरीवर टांगून तपासला होता. दोघांना सारखा भार, यापेक्षा बरोबर काय असणार? आमच्या घरात भावाभावांच्या वाटण्या अशाच झाल्या होत्या, बांधी मोजून, झाडे मोजून. मला दुसरे काही सुचतच नव्हते.

परत आले तेव्हा बाबा छकड्याला बैल जुंपत होते. डावीकडचा लाल्या जुना, उजवीकडचा ढवळ्या त्याच वर्षी घेतलेला. जुवाला छकड्याचा दांडा बांधायची जागा मधोमध असते असा माझा समज होता, कारण आजवर मी नीट पाहिलेच नव्हते. बाबांनी दोरी मधल्या खुणेपासून लाल्याच्या बाजूला चांगली चार बोटे सरकवली होती.

"बाबा, मधोमध काऊन नाई बांधत?"

"लाल्यावर जास्त देतो. ढवळ्या हलका राह्यला का लायनीत राहते."

"अना दोघाइले सारखं दिलं त?"

"त कोन कवा दम टाकन याचा भरवसा राहत नाई."

मी गोठ्याकडे पळाले. माझ्या विमानात नेमके तेच चालले होते. दोन पंखांत भार सारखा, त्यामुळे वेग कमी झाला की मागचा पंख आधी दम टाकत होता. मागचा पडला की नाक वर, आणि मग सगळेच पडणार. पुढच्याने जास्त ओढले पाहिजे, म्हणजे दमला तर तोच आधी दमेल, नाक आपोआप खाली येईल, खाली आले की वेग मिळेल आणि वेग मिळाला की तो पुन्हा उचलेल. मी फाटलेल्या पंखाला कागदाचे ठिगळ लावले, सायकलचे नट घेतले आणि एकेक करून नाकात बांधत गेले. चार नटांवर अजून डगमग होती. पाचव्या नटावर विमान माझ्या हातातून सुटले ते बांधीच्या या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, कमरेच्या उंचीवरून, एका रेषेत गेले आणि तणसावर, धानाच्या पेंढ्यावर, टेकले. माझ्याशिवाय ते कुणी पाहिले नाही. लाल्या-ढवळ्याच्या जुवाने मला शिकवले असे मी पुढे सांगत असे, पण खरे सांगायचे तर जू मी जन्मभर पाहत होते. त्या दिवशी मला ते विचारावेसे वाटले, एवढेच. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

आता टेबलाशी परत येते. लुगडे सुटले तशी मागच्या गर्दीतून "तिरडी आली" असा आवाज उठला आणि दोघे-तिघे खरोखर मागे सरकले. एका बैलवाल्याने सांगितले की असला अपशकुन पटावर आणला तर तो आपली जोडी घेऊन घरी जाईल. शेठजींनी विमान हातात घेतले. उचलताना त्यांनी जोर लावला होता, त्यामुळे हात एकदम वर गेला. "अरे! कितना?"

"दोनशे ब्याण्णव ग्रॅम. नट धरून."

शेठजी तांदळाचे व्यापारी. वजनावर त्यांचा विश्वास होता. त्यांनी दोन्ही टोके बोटांनी दाबून पाहिली, लवली नाहीत. "नियम में लिखा है जोड़ी," ते रामाजींना म्हणाले. "बैल की जोड़ी, ऐसा लिखा है क्या?" रामाजींनी डोके खाजवले. तसे लिहिलेले नव्हते, कारण तसे लिहायची वेळ कुणावर आलीच नव्हती. "तो फाड़ो पावती." जेवणाच्या सुट्टीत, स्पर्धेच्या जोड्या दूर सावलीत बांधलेल्या असताना, एकच फेरी मिळाली.

बाबांनी छकडा रेषेवर आणला. मासे धरायच्या गळाची तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, मी छकड्याच्या मागच्या आडव्या दांड्याला बांधली. तिच्या दुसऱ्या टोकाला कडी होती, ती विमानाच्या पोटाखालच्या मागे झुकलेल्या आकड्यात अडकवली. बैल पळतील, पतंगासारखे विमान वर ओढले जाईल, शेवटी बैल थांबले की तंगूस सैल पडेल, कडी गळेल आणि विमान सुटेल. माय बायांच्या गर्दीत, डोक्यावरून पदर घट्ट ओढून उभी होती. किसनभाऊ होते, देवकामाय होत्या, आबासुद्धा खांद्यावर घोंगडी टाकून छकड्यातून आले होते. रामाजी माईकवर सुरू झाले. "पाहा मंडळी, अशी जोडी पटावर पयल्यांदाच! हिले चारा लागत नाई, पानी लागत नाई, शेन टाकत नाई! पन पळते का नाई, हे अजून तिलेच मालूम नाई!"

बाबांनी शेपट्या पिळल्या. बैल सुटले. तंगूस ताणली गेली आणि माझ्या हातातून विमान कुणीतरी हिसकावून नेल्यासारखे गेले. चार-पाच पावले मी धावले, मग थांबले, कारण माझे काम संपले होते. विमान वर चढले. मग उजवीकडे कलले, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे, जास्त. मायने तोंडावर पदर धरला. माझ्या जुन्या साध्या विमानाचा पंख अशाच झोल्यात मोडला होता. पण इथे एका बाजूच्या टोकाला दोन्ही पंख एकमेकांना धरून होते. कामट्या ताठ राहिल्या, टोकाच्या उभ्या पट्ट्यांनी वारा धरला आणि विमान सरळ झाले. बैल धुळीत पुढे, त्यांच्या वर आणि मागे ते पांढरे, आंब्याच्या झाडांच्याही वर. पट संपला. बाबांनी कासरा ओढला. कडी गळाली.

मला भीती होती की सुटताच ते नाक वर करेल. त्याने नाक किंचित खाली घेतले. मग ते संथपणे डावीकडे वळत, तणसाच्या ढिगांवरून, सावलीत बांधलेल्या जोड्यांवरून, बायांच्या गर्दीवरून फिरून आले. आवाज काही नव्हता. एकाही बैलाने मान वर केली नाही. लोकांच्या माना मात्र एकदमच फिरत होत्या. दुसऱ्या फेऱ्यात ते लाखोरीच्या वावरात उतरले, जसे कुणी ताट खाली ठेवते तसे. मग ओरडा झाला. रामाजी माईक बाजूला ठेवून नुसत्याच तोंडाने ओरडत होते. किसनभाऊ वावरात धावले आणि विमान दोन्ही हातांवर घेऊन आले. गर्दीत कुणीतरी म्हणाले, "सांभाळून गा किसन, तिरडी आहे ना?" किसनभाऊ थांबले आणि त्याला म्हणाले, "तुये डोळे फुटले काय बे? विमान आहे ते."

परवा माझ्या नणंदेच्या मुलाने मोबाईलवर दाखवले की जगात ठिकठिकाणी अशा जोडलेल्या पंखांवर अजून काम चालू आहे. प्रवासी नेणारे असे विमान मात्र अजून कुठे रोज ये-जा करत नाही. मी त्याला विचारले की त्यांनी तोल कुठे ठेवला आहे. तो अजून मोबाईलवर शोधतो आहे.

संध्याकाळी आम्ही घरी आलो. छकड्यात विमान, मागे आबा, पुढे बाबा. आमचे बैल पटात हरलेले होते, तरी माय ताट घेऊन दारात उभी होती. जिंकून आलेल्या जोडीला ओवाळतात तसे तिने लाल्या-ढवळ्याच्या पायांवर पाणी घातले, कपाळाला कुंकू लावले, ओवाळले. बाबांनी ताटात अकरा रुपये टाकले. मग ती विमानापाशी आली आणि तांब्या हातात घेऊन अडली.

"याचे पाय कुठी आहेत वो?"

"पानी नको टाकू माय, कागद आहे!" मी ओरडले.

तिने तांब्या खाली ठेवला. नाकावर, पाच नट बांधले होते तिथे, कुंकवाचे बोट लावले आणि दिवा फिरवला. मला वाटले झाले. पण ताट माझ्यासमोरून हलेना. "बैलाचे तुया बाबानं देल्ले," माय म्हणाली. "हे जोडी तुई आहे. धनी देते." माझ्याकडे कागदाच्या पैशांतून उरलेले पाच रुपये होते. ते मी ताटात टाकले. मायने ते मोजून कमरेला खोचले आणि विमान आत घ्यायला दाराचा दुसरा पल्ला उघडला.